स्पेन देशाकरितां प्रार्थना कशी करावी

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १५:२०–३३, १०:१, २.



पौल प्रेषितानें रोम शहरांतील मंडळीस जें मोठें पत्र लिहिलें, त्याच्या शेवटीं त्यानें आपल्या मनांतील एक बेत उघड करून सांगितला आहे. पूर्वेकडील प्रांतांत आपल्याला आतां नवी जागा उरली नाहीं, आपल्याला स्पेन देशास जावयाचें आहे, वाटेंत रोमकरांची भेट घ्यावी आणि त्यांनीं आपल्याला पुढें वाटेस लावावें, असा तो बेत आहे. स्पेनचें नांव तो दोनदां घेतो. चोविसाव्या वचनांत एकदां आणि अठ्ठाविसाव्यांत पुन्हां. त्या काळच्या लोकांच्या समजुतीप्रमाणें स्पेन म्हणजे पश्चिमेकडे जमिनीचा शेवट. त्यापुढें नुसता समुद्र. मग लगेच तिसाव्या वचनांत तो रोमकरांस प्रार्थनेंत आपल्याबरोबर झटण्याची विनंति करितो. तेथील मूळ ग्रीक शब्द आखाड्यांतला आहे. सोबत्याच्या बाजूनें आपणही फडांत उतरावें आणि अंगाला माती लागूं द्यावी, असा त्याचा भाव आहे.

आपल्या उपासनांत हीं वचनें सहसा वाचलीं जात नाहींत, आणि वाचलीं तरी त्यांवर उपदेश क्वचित् होतो. या आठवड्याच्या पाठासाठीं तीं निवडण्याचें कारण असें कीं, पौल ज्या देशाची वाट धरूं पाहत होता, तोच देश आज प्रार्थनेच्या बाबतींत आपल्यापुढें एक कठीण प्रश्न टाकितो. स्पेनांत ख्रिस्ताचें नांव पंधराशेंहून अधिक वर्षें घेतलें जात आहे. तेथील बहुतेकांचा बाप्तिस्मा रोमन क्याथलिक मंडळींत झालेला आहे. असें असतां तेथें सुवार्तिक मंडळ्याही आहेत, त्यांचे पाळक व उपदेशक आहेत, आणि आमच्या कामासाठीं प्रार्थना करा असें ते इतर देशांच्या मंडळ्यांस सांगत असतात.

एका खेड्यांतील बुधवारच्या प्रार्थनासभेंत मीं ही गोष्ट काढिली, तेव्हां मागें बसलेल्या एका वृद्ध बाईनें विचारिलें, "साहेब, ते बी येशूचंच नाव घेत्यात. मग त्यांच्यासाठी देवाजवळ मागायचं तरी काय?" त्या बाईस अक्षरओळख नाहीं; परंतु प्रश्न तिनें नेमका विचारिला. ज्यानें प्रभूचें नांव कधीं ऐकलेंच नाहीं त्याच्यासाठीं काय मागावें हें आपणांस ठाऊक असतें. ज्याच्या भिंतीवर क्रूस टांगलेला आहे आणि ज्याच्या मुलीचें नांव मारिया आहे, त्याच्यासाठीं मागतांना मात्र जीभ अडखळते, नाहीं तर भलतेंच बोलून जाते. तें भलतेंही मीं पुष्कळ वेळां ऐकिलें आहे. "प्रभो, पोपाचें राज्य मोडून टाक" एवढ्यावर कित्येकांची प्रार्थना संपते. तेवढें बोलावयास कांहीं कष्ट पडत नाहींत.

प्रथम विसावें वचन पाहूं, कारण तें आपल्याच विरुद्ध पुढें केलें जाऊं शकतें. जेथें ख्रिस्ताचें नांव पूर्वीं घेतलें गेलें तेथें न जातां नव्या ठिकाणीं जावें, दुसऱ्यानें घातलेल्या पायावर आपली इमारत उभारूं नये, असा पौलाचा नेम होता. एखाद्या क्याथलिक बंधूनें हें वचन दाखवून, "मग तुमचे लोक स्पेनांत कशाला जातात?" असें म्हटलें, तर उपदेशकानें गडबडून जाऊं नये, आणि रागावूंही नये. पहिली गोष्ट ही कीं, हा पौलाचा आपल्या स्वतःच्या सेवेपुरता नेम होता. याच पत्राच्या पहिल्या अध्यायांत, पंधराव्या वचनांत, रोम येथेंही सुवार्ता सांगण्याची आपली उत्सुकता तो बोलून दाखवितो. आणि रोमची मंडळी तर त्यानें स्थापिली नव्हती. दुसरी गोष्ट, स्पेनांत पवित्र शास्त्र लोकांच्या हातीं द्यावें म्हणून जे पहिल्यानें उठले ते कोणी बाहेरचे नव्हते. ते स्पेनचेच, किंबहुना मठांतलेच होते. त्यांचें वर्तमान पुढें येणारच आहे. पाया उखडावा हा त्यांचा हेतु नव्हता. पाया कोठें आहे तें लोकांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

तरी या वचनाचा कांटा पुरता काढून टाकूं नये. दुसऱ्याच्या कळपांतलीं मेंढरें मोजून आपल्या वहींत मांडण्यासाठींच जो जातो, त्यास हें वचन लागू पडतें. आपल्याकडेही शाळेच्या किंवा जमिनीच्या तंट्यावरून अख्खीं घराणीं एका मिशनांतून दुसऱ्या मिशनांत गेलीं आणि कांहीं वर्षांनीं परतलीं, हें जुन्या माणसांस ठाऊक आहे. त्या येण्याजाण्यास सुवार्ताप्रसार म्हणणें मला तरी योग्य वाटत नाहीं.

आतां दहाव्या अध्यायाचीं पहिलीं दोन वचनें उघडा. बाईच्या प्रश्नाचें उत्तर माझ्या मतें तेथें आहे. पौल इस्राएल लोकांसाठीं प्रार्थना करितो. त्यांच्याजवळ शास्त्र होतें, मंदिर होतें, आणि पौल ज्या देवास भजत असे त्याच देवास ते भजत होते. त्यांच्यासाठीं मागतांना तो आधीं त्यांच्या बाजूनें साक्ष देतो : त्यांना देवाविषयीं आस्था आहे. नंतर उणीव सांगतो : त्या आस्थेस ज्ञानाची जोड नाहीं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. ज्याच्याविषयीं चांगली साक्ष देण्यास आपलें तोंड उघडत नाहीं, त्याच्यासाठीं आपली मध्यस्थी खरी होत नाहीं. ती फिर्याद होते.

म्हणून स्पेनविषयीं आपणही आधीं साक्ष देऊं. १५४२ सालीं गोव्यास उतरलेला फ्रान्सिस झेवियर हा स्पेनच्या उत्तरेस असलेल्या नव्हार प्रांतांतला. सुखवस्तु घर सोडून तो निघाला आणि दहा वर्षांनीं चीनच्या दारांत मरण पावला. त्याच शतकांत आव्हिला गांवच्या तेरेसा नांवाच्या जोगिणीनें प्रार्थनेविषयीं जीं पुस्तकें लिहिलीं, तीं प्राटेस्टंट पाळकही लाभ घेऊन वाचतात. आणि आपल्या भाषेचीच गोष्ट काढावयाची तर, मराठींत ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध करून ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स हे, स्पेनचे नव्हेत इंग्रजच, पण क्याथलिक येशूसंघाचेच होते. तें पुराण १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें. आपल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं मुंबईस पाय ठेविला तो १८१३ सालीं, म्हणजे जवळ जवळ दोनशें वर्षांनंतर.

मग उणीव कोणती? स्पेनांत १४७८ सालापासून इन्क्विझिशन नांवाचें धर्मन्यायासन होतें. निषिद्ध पुस्तकांची जी यादी १५५९ सालीं त्यानें काढिली, तींत लोकांच्या भाषेंतील पवित्र शास्त्रही घातलेलें होतें. शास्त्र होतें, परंतु तें ल्याटिन भाषेंत होतें. शेतकरी व बायका जें पाठ म्हणत त्याचा अर्थ त्यांस दुसऱ्याच्या तोंडून घ्यावा लागे.

सेव्हिल शहराजवळ सान इसिदोरो देल कांपो नांवाचा एक मठ आहे. त्यांतील कित्येक साधूंनीं शास्त्राचा अभ्यास चालविला आणि त्यांच्या मनांत मोठा पालट झाला. याच सुमारास हुलियान एर्नान्देस नांवाचा एक अगदीं ठेंगणा मनुष्य जिनेव्हाहून स्पानिश नवे करार घेऊन सेव्हिलला आला. लोक त्यास लाडानें हुलियानिलो, म्हणजे लहानगा हुलियान, म्हणत. पुस्तकें त्यानें पिंपांत लपवून आणिलीं असें परंपरा सांगते. १५५७ सालीं हें उघडकीस आलें. तीन वर्षें त्यानें तुरुंगांत काढिलीं, आणि २२ डिसेंबर १५६० रोजीं सेव्हिल येथें त्यास जाळण्यांत आलें. मठांतील कांहीं साधु त्यापूर्वींच पळून गेले होते. त्यांपैकीं कासियोदोरो दे रेइना यानें देशोदेशीं फिरत, पाठीमागें हेर लागलेले असतां, बारा वर्षें खपून सगळें पवित्र शास्त्र स्पानिश भाषेंत आणिलें. तें १५६९ सालीं स्वित्झर्लंडांत बाझेल शहरीं छापलें गेलें. त्याच मठांतून निघालेल्या सिप्रियानो दे व्हालेरा यानें तें वीस वर्षें तपासून १६०२ सालीं आम्स्टरडाम येथें पुन्हां छापविलें. या दोघांच्या नांवांवरून त्या भाषांतरास रेइना-व्हालेरा म्हणतात. तें स्पानिश लोकांसाठीं केलेलें होतें, पण स्पेनांत त्यास जागा नव्हती. हें पुस्तक लक्षांत ठेवा. त्याकडे आपणांस परत यावयाचें आहे.

धर्मन्यायासन शेवटचें बंद झालें तें १८३४ सालीं. त्यानंतर दोन वर्षांनीं जॉर्ज बॉरो नांवाचा एक इंग्रज बायबल सोसायटीच्या वतीनें स्पेनांत शिरला. त्यानें १८३७ सालीं माद्रिद येथें नवा करार छापविला. त्यासाठीं त्यानें सीयो नांवाच्या क्याथलिक धर्मगुरूचें भाषांतर घेतलें, फक्त टिपा गाळिल्या. आपल्यांतील जे बंधु क्याथलिकांच्या हातचें पुस्तकही शिवत नाहींत त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. त्याच वर्षीं त्यानें लूककृत शुभवर्तमान तेथील गितानो लोकांच्या बोलींत छापविलें. गितानो म्हणजे स्पेनांतले जिप्सी. यांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतून बाहेर पडले, हें त्यांच्या भाषेवरून विद्वानांनीं सिद्ध केलें आहे; पाण्यास त्यांच्या बोलींतला शब्द अजून 'पान्यी' असा आहे. स्पेनांत त्यांचे फार हाल झाले. १७४९ सालीं तर सरकारनें देशभर त्यांची धरपकड करून बायकामुलांसकट त्यांस डांबिलें. वस्ती गांवाबाहेर, लोकांच्या मनांत संशय, हातीं हलकीं कामें. हें चित्र आपल्या वडीलधाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. बॉरोच्या त्या शुभवर्तमानाचें फळ त्याच्या हयातींत फारसें दिसलें नाहीं.

यानंतरच्या एका वर्तमानाशीं आपल्या देशाचा संबंध आहे. १८५८ सालीं पंजाबांत लुधियाना येथील अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या सभेनें जगांतील सर्व मंडळ्यांस विनंति केली कीं, जानेवारी १८६० मध्यें एक आठवडा आपण सर्वांनीं मिळून पवित्र आत्म्याच्या वर्षावासाठीं प्रार्थना करावी. ती विनंति पुष्कळ देशांत मानली गेली, आणि पुढें इव्ह्यांजेलिकल अलायन्सनें दर जानेवारींत असा आठवडा पाळण्याचा प्रघात चालू ठेविला. त्याच १८६० सालच्या ऑक्टोबरांत मानुएल मातामोरोस नांवाच्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या तरुणास बार्सिलोना येथें पकडण्यांत आलें. प्राटेस्टंट मत पसरविणें हा त्याचा अपराध. त्यास व त्याच्या सोबत्यांस अनेक वर्षांच्या सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या. अलायन्सनें निरनिराळ्या देशांतील गृहस्थांचें शिष्टमंडळ १८६३ सालीं माद्रिदला पाठविलें, आणि राणी इसाबेल हिनें शिक्षा बदलून हद्दपारी दिली. मातामोरोसची प्रकृति तुरुंगांतच खचली होती; १८६६ सालीं तो स्वित्झर्लंडांत वारला. दोनच वर्षांनीं, १८६८ सालीं, राज्यक्रांति होऊन राणीलाच देश सोडावा लागला, आणि १८६९ च्या राज्यघटनेनें धर्माचरणाची मोकळीक दिली. लुधियान्याच्या प्रार्थनेमुळेंच हें सर्व झालें असें मीं म्हणणार नाहीं. देवाच्या हिशेबाची वही आपल्या हातीं नाहीं. परंतु हिंदुस्थानांतील एका लहानशा सभेनें जगाच्या प्रार्थनेस निमित्त व्हावें, ही गोष्ट आपल्या लहान मंडळ्यांनीं विसरूं नये.

दार उघडतांच जे सेवक तेथें गेले त्यांत अमेरिकन बोर्डाचे विल्यम गुलिक आणि त्यांच्या पत्नी आलिस गॉर्डन गुलिक होत्या. हें बोर्ड म्हणजे अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, आणि आसपासच्या खेड्यांत ज्यानें मराठी मिशन चालविलें तेंच. अमेरिकेंतील ज्या मंडळ्यांच्या दानांतून आपल्याकडील शाळामास्तरांचा पगार निघे, त्याच मंडळ्यांच्या दानांतून सान्तांदेर येथें आलिसबाईंची मुलींची शाळा १८७७ सालीं निघाली. ती पुढें सान सेबास्तियान येथें गेली, आणि १९०३ सालीं, बाईंच्या मरणाच्या वर्षीं, माद्रिदला. स्पानिश मुलींनीं विद्यापीठाच्या परीक्षा द्याव्या यासाठीं त्या बाईंनीं आयुष्य वेंचलें.

मोकळीक फार दिवस टिकली नाहीं. १८७६ च्या घटनेनें खासगी उपासना चालूं दिली, परंतु बाहेर कांहीं दिसतां कामा नये असें ठरलें. प्रार्थनामंदिरावर पाटी लावण्याची परवानगी १९१० सालीं मिळाली. १९३१ सालीं प्रजासत्ताक आलें आणि सर्व धर्मांस सूट झाली. मग १९३६ ते १९३९ पर्यंत यादवी युद्ध झालें आणि जनरल फ्रान्को याचा अंमल बसला. बायबल सोसायटीचीं पुस्तकें १९४० सालीं जप्त झालीं. १९४५ च्या कायद्यानें पुन्हां तेंच : घरांत काय तें करा, रस्त्यावर क्याथलिक धर्माखेरीज दुसऱ्याचें चिन्ह नको. कोणाचा बाप्तिस्मा लहानपणीं क्याथलिक मंडळींत झाला असला, तर त्याचें प्राटेस्टंट रीतीचें लग्न नोंदवून घेण्यास अधिकारी तयार नसत. पुरण्याच्या जागेवरून तंटे होत. मिस्साच्या वेळीं गुडघे टेकले नाहींत म्हणून प्राटेस्टंट शिपायांनीं तुरुंग भोगला.

हें सर्व वाचून मन तापतें. म्हणूनच येथें दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, आणि उपदेशकांनीं त्या गाळूं नयेत. मिगेल सर्व्हेतो हा स्पेनचा एक विद्वान वैद्य. त्रैक्याविषयीं त्याचें मत चुकीचें होतें. त्यास २७ ऑक्टोबर १५५३ रोजीं जिनेव्हा शहरांत जिवंत जाळण्यांत आलें, आणि जिनेव्हा हें सुधारलेल्या मंडळीचें, क्यालव्हिनचें, शहर होतें. म्हणजे आग दोहींकडे होती. दुसरी गोष्ट यादवी युद्धांतली. त्या तीन वर्षांत प्रजासत्ताकाच्या बाजूच्या मुलखांत सुमारें सात हजार क्याथलिक धर्मगुरु, साधु व जोगिणी मारल्या गेल्या. त्यांत खेड्यांतले साधे पाळकही पुष्कळ होते. ज्या प्रार्थनेंत हुलियानिलोचें नांव येतें तींत यांच्यासाठींही शोक असावा.

आतां उत्तर कोठून आलें तें पाहा. व्ह्याटिकनच्या दुसऱ्या महासभेनें ७ डिसेंबर १९६५ रोजीं जाहीर केलें कीं, धर्माच्या बाबतींत कोणावरही जबरदस्ती करूं नये. हा मनुष्याचा हक्क आहे. खुद्द रोमनेंच असें म्हटल्यावर क्याथलिक राज्यास दुसरें कांहीं बोलतां येईना. १९६७ सालीं स्पेनांत धर्मस्वातंत्र्याचा पहिला कायदा झाला. १९७८ च्या घटनेनें राज्याचा असा कोणताही धर्म नाहीं असें ठरविलें, आणि १९९२ सालीं सरकारनें सुवार्तिक मंडळ्यांच्या संघाशीं करार करून त्यांचीं लग्नें व शाळांतील धर्मशिक्षण मान्य केलें. ज्यांनीं रोमन मंडळीचा नाश मागितला त्यांचें मागणें देवानें ऐकिलें असतें, तर तो ठराव करावयास कोण उरलें असतें?

पौलाच्या स्वतःच्या मागण्यांचेंही असेंच झालें. एकतिसाव्या व बत्तिसाव्या वचनांत तो यहूदीयांतील विरोध्यांपासून सुटका मागतो, यरुशलेमच्या पवित्र जनांनीं वर्गणी गोड मानून घ्यावी असें मागतो, आणि आनंदानें रोमकरांकडे येणें व्हावें असें मागतो. प्रेषितांचीं कृत्यें वाचून पाहा. मंदिरांत त्यास पकडिलें. जमावापासून सोडविलें तें एका परराष्ट्रीय सरदारानें. चाळिसांहून अधिक जणांनीं त्यास मारण्याची शपथ वाहिली. तें कळलें तें बहिणीच्या मुलाकडून. दोन वर्षें कैसरियांत बंदींत, मग वादळ, फुटलेलें तारूं, आणि शेवटीं रोम, पण साखळींत. तरी रोमचे बंधु वाटेवर सामोरे आले तेव्हां त्यानें देवाची स्तुति केली आणि त्यास धीर आला, असें अठ्ठाविसाव्या अध्यायांत आहे. तो पुढें स्पेनास पोंचला कीं नाहीं, हें नव्या करारांत कोठेंही सांगितलेलें नाहीं.

आजच्या स्पेनची लोकसंख्या पावणेपांच कोटींहून अधिक आहे. निम्म्याहून अधिक लोक आपल्याला क्याथलिक म्हणवितात. परंतु त्यांपैकीं दर रविवारीं मिस्साला जाणारे थोडे, आणि तरुणांत तर फारच थोडे. म्हणजे जुनें संकट छळाचें होतें, आतांचें बेपर्वाईचें आहे. मोठमोठीं देवळें पाहुण्यांनीं भरतात, उपासकांनीं नाहीं. प्राटेस्टंट लोक शंभरांत फार थोडे, आणि कित्येक लहान गांवांत त्यांची एकही मंडळी नाहीं. मला वाटतें, सुवार्तिक उपदेशकास आज क्याथलिक पाळकाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. दोघांच्याही दारावरून लोक सारखेच न पाहतां जातात.

या कोरड्या जमिनींत जे झरे फुटले ते ज्यांचा कोणीं विचार केला नव्हता अशांतून. १९६० नंतरच्या दशकांत, फ्रान्सांत कामास गेलेले कांहीं गितानो तेथील सुवार्तिकांच्या उपदेशानें विश्वासांत आले आणि ती ज्योत घेऊन घरीं परतले. आज फिलादेल्फिया नांवाची त्यांची मंडळी देशभर पसरलेली आहे. तिचे पाळक गितानोच आहेत, आणि गीतें ते आपल्याच चालींवर, टाळ्यांच्या ठेक्यावर गातात. बॉरोच्या लूकशुभवर्तमानास तेव्हां सव्वाशें वर्षें झालीं होतीं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायांतील सव्विसावें व त्यापुढील वचनें त्यांच्या मंडळींत कशीं वाचलीं जात असतील तें आपणांस कळूं शकतें.

आणि तें पुस्तक. रेइना-व्हालेरा भाषांतर स्पेनच्या बाहेर पडलें तें काळेंकरून समुद्रापलीकडे गेलें, आणि दक्षिण व मध्य अमेरिकेंतील स्पानिश बोलणाऱ्या प्राटेस्टंटांचें तें घरोघरचें शास्त्र झालें. गेल्या तीस वर्षांत तिकडून लाखों लोक पोटासाठीं स्पेनांत आले. बायका म्हाताऱ्यांची शुश्रूषा करितात, परक्यांचीं घरें झाडितात. पुरुष इमारतींवर व शेतांत राबतात. त्यांतील पुष्कळांच्या पिशवींत तें शास्त्र असतें, आणि त्यांच्यामुळें माद्रिद व बार्सिलोना येथें नव्या मंडळ्या उभ्या राहिल्या. मठांतून पळालेल्या दोन साधूंचें काम चारशें वर्षांनीं मोलकरणींच्या हातून माघारीं आलें. आपल्या गांवच्या ज्या मुली मुंबई-पुण्यास घरकामास जातात, त्यांच्या आयांनीं ही गोष्ट घरीं सांगावी.

तेव्हां काय मागावें? नांवें घेऊन मागावें. उपदेशकानें पाटीवर नकाशा काढून माद्रिद, सेव्हिल व बार्सिलोना हीं तीन ठिकाणें दाखवावीं, म्हणजे "सर्व जगावर कृपा कर" या एका वाक्यांत स्पेन बुडून जाणार नाहीं. गितानो पाळकांसाठीं मागावें, कीं त्यांस शिक्षण मिळावें आणि मान मिळाल्यावर फुगूं नये. कामकरी बायकांसाठीं मागावें, कीं थकल्या अंगानें त्या म्हाताऱ्यांजवळ बसतात तेव्हां त्यांच्या तोंडीं गोड शब्द असावा. परदेशी मंडळ्या आणि मूळ स्पानिश मंडळ्या यांत भेद वाढूं नये असें मागावें. जे तरुण ख्रिस्ताच्या नांवाला कंटाळले आहेत त्यांस त्याचें चरित्र जणूं पहिल्यानेंच वाचावेंसें वाटो असें मागावें. आणि क्याथलिक पाळकांसाठीं मागावें, कीं शास्त्र उघडून तें लोकांस समजावून देण्याची त्यांस आवड असावी. कांहीं वडील मंडळींस हें शेवटचें मागणें आवडणार नाहीं. त्यांनीं तें मोठ्यानें न म्हणतां मनांत म्हणावें; पण म्हणावें.

शेजारच्या गांवीं क्याथलिक देऊळ असल्यास या प्रार्थनेस एक अडचण येते, तीही सांगतों. दूरच्या सेव्हिलसाठीं आपण प्रेमानें मागतों आणि सभा सुटल्यावर शेजारच्या क्याथलिक घरीं मयत झाली असतां जात नाहीं, असें कित्येक ठिकाणीं आहे. अशा गांवांत आधीं मयतीला जावें, आणि स्पेनची प्रार्थना पुढल्या बुधवारीं करावी.

सभेंत विचारावयाचे प्रश्न :

पौलानें इस्राएलाविषयीं आधीं कोणती साक्ष दिली? तशी साक्ष आपण कोणत्या क्याथलिक मनुष्याविषयीं देऊं शकतों? नांव सांगा.

पौलाच्या मागण्यांपैकीं कोणती त्याच्या इच्छेप्रमाणें पुरी झाली, आणि कोणती निराळ्या रीतीनें?

सर्व्हेतोचें वर्तमान मंडळीस सांगावें कीं न सांगावें? वडिलांनीं आपलें मत कारणासहित द्यावें.